निळे अच्युतराव

अच्युतरावांचा फोटो निळा पडत चाललाय, हे घरात सगळ्यात आधी ईराच्या लक्षात आलं होतं. पण ती बोलली नाही. बोलल्या त्या शेजारच्या प्रेमलाकाकू, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

"अवो गीताबाई, भाऊजी निळे झाले!" वाटीभर साखर मागायला आलेल्या काकू हॉलमध्येच थबकल्या. "देखो तो! चेहरा पाहा, गळा पाहा. एकदम किसनभगवान!"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. अच्युतराव गेल्यापासून आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच कशासाठी तरी लगबगीनं आली होती. तिनं फोटोकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"ईरा, तू त केमिस्ट्रीची डॉक्टर. हे कावून झालं असन?"

उत्तर ईराच्या जिभेवर होतं. उजेडानं रेणू कसे तुटतात, यावरच ती रायपूरच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काम करत होती. कुठला बंध कधी तुटला, हे ती सेकंदाचे अब्ज तुकडे करून मोजायची. सलूनच्या दारावरच्या पोस्टरांतले हिरो दोन उन्हाळ्यांत निळे का पडतात, हे तिनं शाळेतल्या मुलांनाही समजावलं होतं. लाल-पिवळ्या रंगांचे रेणू आधी तुटतात, निळे तग धरतात. झालं.

आणि फोटो टांगला होता तिनंच. पितरांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लाव, एवढंच आई म्हणाली होती. अख्खी भिंत मोकळी होती. ईरानं नेमकी पश्चिमेच्या खिडकीजवळची जागा निवडली, कारण तिथं बाबा छान दिसत होते.

फोटोही हा एकच. घरातले बाकीचे सगळे बाबांनी काढलेले, त्यामुळे बाबा कशातच नव्हते. हा रिटायरमेंटच्या दिवशीचा, दुर्ग स्टेशनवरचा, गार्डच्या पांढऱ्या कपड्यांतला. मूळ प्रत त्यांच्या फोनमध्ये होती, आणि फोन उघडायचा नंबर ते बरोबर घेऊन गेले होते.

"मले नाई माहीत," ईरा म्हणाली.

सहा वर्षांचं संशोधन तिनं तीन शब्दांत बुडवलं.

चौथ्या दिवशी कोहक्याहून चंदाआत्या नारळ घेऊन हजर झाली. फोटो पाहून तिनं आधी डोळे पुसले, मग निकाल दिला. "दादा वैकुंठात पोचला, वहिनी. त्यानं खबर देली. त्याले सवयच होती ना, गाडी घेऊन गेला का पोचल्याचा फोन करायची!"

एवढं ऐकल्यावर हुडको कॉलनीतलं कोण घरी बसणार? रोज संध्याकाळी आठ-दहा बायका जमू लागल्या. आरती होऊ लागली, आणि लेकीचा मान म्हणून घंटा ईराच्या हातात आली. ती खाली मान घालून घंटा वाजवायची आणि तिचे कान तापायचे. लोकांना ती भक्ती वाटायची.

खरं सांगून टाकावं, असं तिला रोज वाटे. पण अर्धं ताट तसंच सारणारी आई आता पहाटे उठून प्रसादाचा शिरा करत होती, आणि चार घास स्वतःही खात होती. तो शिरा कुठल्या तोंडानं बंद पाडायचा?

मग ईरानं गुपचूप खिडकीला जाड पडदा लावला. दुसऱ्या दिवशी आईनं तो काढून, धुऊन, घडी करून कपाटात टाकला. "त्यायले उजेड मानवून राहिला, दिसत नाई तुले?" आत्यानं त्यावर एक फोकस आणून फोटोवर रोखला. बाबांची मिशी आधीच गेली होती, आता शर्टाची बटणं निघाली. "कालच्यापेक्षा तेज वाढलं," बायका म्हणत. वाढलंच होतं. ईरानं आलेख काढून दाखवला असता.

शेवटी तिनं प्रयोगशाळेतून किरण अडवणारी पारदर्शक फिल्म आणली. रविवारी दुपारी आई काकूंबरोबर देवळात गेल्यावर ती स्टुलावर चढली, फोटो उतरवून काखेत धरला आणि त्याच्याच काचेवर फिल्म चिकटवू लागली. अर्धी चिकटली, अर्धी तिच्या कोपराला गुंडाळली गेली. तेवढ्यात दार उघडलं. आई, आत्या, काकू आणि मागं भजनातल्या चौघी.

"ईरा! बाबाले प्लॅस्टिक कावून गुंडाळून राहिली?"

"आई, हा चमत्कार नाई," ईरा स्टुलावरूनच म्हणाली. "ऊन आहे हे. रंग तुटले उन्हानं. फोटो तिथं मीच लावला. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी खोटं बोलली."

काकूंनी आधी तोंड उघडलं.

"म्हंजे भाऊजीले निळं तू केलं?"

"हाव."

"नुस्त्या उन्हानं?"

"हाव, काकू."

"टाइम किती लागला?"

"आठ महिने."

काकूंनी बोटांवर महिने मोजले. "आमच्या सासूबाईचं वर्षश्राद्ध चैतात आहे. होऊन जाइन ना तवरोक? थोडी बाजूले जागा देजो, बेटा."

ईरानं आईकडे पाहिलं. आई हसत नव्हती आणि रागावलेलीही दिसत नव्हती. तिनं फोटो हातात घेतला, फिल्म ओढून काढली, काच पदरानं पुसली.

"तिथंच ठेवला त काय होइन?"

"जातीन, आई. आधी चेहरा, मंग सगळंच. कागद राहीन नुस्ता."

"किती दिवसांत?"

असले हिशेब ईरा रोज करायची. हा तिनं फोटोकडे न पाहता सांगितला. "दोन... अडीच वर्षं."

आईनं फोटो परत तिच्या हातात दिला.

"लाव मंग तिथंच. तेव्हा मी चहा गाळून बाहेर येईस्तोवर ते गेले होते. या खेपी सावकाश जाऊ दे."

ईरानं फोटो खिळ्याला अडकवला, सरळ केला, तरी तिला स्टुलावरून उतरायचं सुचेना. खाली प्रेमलाकाकू सासूबाईंसाठी वितीनं भिंत मोजत होत्या.