हॅरोतला हिमवीर

माझा मित्र गिरीशने कॅनडातून फोन केला, डोंगरात स्नोमोबिल (चाकांऐवजी पट्ट्यावर पळणारी बर्फावरची मोटारसायकल) चालवायला ये म्हणाला, आणि मी विचार न करता हो म्हणून बसलो. (विचार करून मी आयुष्यात फक्त लग्न केलं. तो विचारही कस्तुरीनेच केला होता.)

आमच्या विलायतेतल्या हॅरोत बोटभर बर्फ पडला की ट्रेन बंद आणि मी पांघरुणात. पण महिनाभरात मी जाणकार झालो. कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात आखूड पट्ट्याचं मशीन रुततं, लांब पट्ट्याचं तरंगतं, हे मी ऑफिसात न विचारणाऱ्यांनाही सांगू लागलो. गिरीशला म्हटलं, सगळ्यात लांब पट्ट्याचं बुक कर. माझं वजन बघता तेच बरं, असं तो म्हणाला. मग हेल्मेट आलं, गुडघ्यापर्यंतचे बूट आले, जाडजूड वॉटरप्रूफ डंगरी आली. आणि शेवटी एअरबॅगवाली सॅक. बर्फाचा कडा कोसळला तर छातीवरचं हँडल ओढायचं. पाठीवर मोठा फुगा फुगतो आणि माणूस गाडला जात नाही.

कस्तुरीला यातलं काहीच पटेना.

"आई आलीय ना पुण्याहून? तिला कन्व्हिन्स कर की हे सेफ आहे. ती हो म्हणाली तरच जायचं."

आता आली का पंचाईत! ऑफिसभर सांगून झालं होतं. नकार मिळाला असता तर सोमवारी तोंड दाखवायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी सॅकसकट संपूर्ण पोशाख चढवून मी हॉलमध्ये अवतरलो. सासूबाई सोफ्यावर पोहे खात होत्या. सुरुवात चांगली व्हावी म्हणून आधी वाकून नमस्कार केला. वाकलो खरा, पण त्या बुटांत आणि डंगरीत परत उठता येईना. "असू दे, असू दे, विनयराव," म्हणत सासूबाईंनी हाताला लागेल ते धरून मला वर ओढलं.

हाताला हँडल लागलं होतं.

फाडकन फुगा फुगला, पोह्यांची बशी उडाली आणि मी सोफा अन् टीपॉयच्या मध्ये पालथा अडकलो. सासूबाईंनी सवयीने "औक्षवंत व्हा" म्हटलं.

कस्तुरी किचनमधून धावत आली. हेल्मेटवर कढीपत्ता घेऊन पडल्या पडल्या मी कॅनडावर पाणी सोडलं. सासूबाईंनी मात्र फुगा दोन-तीनदा दाबून पाहिला.

"जाऊ दे गं त्यांना," त्या म्हणाल्या.

"आई, हे सगळं बघून?"

"हे बघूनच. ते आपटणार, याबद्दल मला शंका नव्हतीच. आपटल्यावर वाचतात का, तेवढंच बघायचं होतं."