परतीची वायर

नवा गिझर भिंतीवर टांगून दुकानाचा माणूस निघाला. जाता जाता म्हणाला, "वायर थेट मेन बोर्डावरून ओढून घ्या, जाड घ्या, आणि वायरमन बोलवा." शेजारच्या कारकूनसाहेबांनी यातलं फक्त 'ओढून घ्या' तेवढं ऐकलं.

"माझ्या भावाला फोन करते," बायको म्हणाली. भाऊ वायरमनच होता.

"खबरदार!" साहेब कडाडले. (भिंत पातळ आहे, आमचा काय दोष?) "मागे त्याने आपल्याकडे एक होल्डर बदलला आणि नंतरच्या प्रत्येक लग्नात जेवायच्या पंगतीत त्याची कथा लावली! या घरातल्या विजेला पुन्हा त्याचा हात लागणार नाही!"

मेन स्विच बंद करून साहेब स्टुलावर चढले. येणारी वायर मेन बोर्डावरून बरोबर आणली. पण वीज आली की तिला परतही जावं लागतं, आणि परतीच्या वायरला, म्हणजे न्यूट्रलला, भेंडोळं पुरेना. (वायर अंदाजाने आणली होती. साहेबांचा अंदाज!) तेवढ्यात न्हाणीच्या भिंतीपलीकडे, त्यांच्याच हॉलच्या बोर्डात एक काळी वायर दिसली. काळी म्हणजे न्यूट्रल, हे साहेबांना पाठ होतं. दिली जोडून.

मेन चालू झाला, गिझरचं बटण दाबलं आणि हॉलमधला दिवा लागला.

"अहो, दिव्याचं बटण तर बंद आहे!"

"इंडिकेटर आहे तो," साहेब पापणीही न लववता म्हणाले. "गिझर चालू राहिला तर हॉलमध्ये बसून कळायला नको? मुद्दाम केलंय."

"आणि पाणी?"

साहेबांनी दहा मिनिटं थांबून नळाखाली हात धरला. बर्फ! "कढत," ते म्हणाले.

झालं. जीभ एकदा घसरली की माणूस तिच्यामागे फरफटत जातो. रोज सकाळी साहेब गार पाणी अंगावर घ्यायचे आणि आतून ओरडायचे, "अहाहा! चटके बसताहेत!" दात असे वाजायचे की आम्हाला वाटायचं, कुणीतरी टाइप करतंय. बायको बिचारी गपचूप शेगडीवर पातेलं ठेवायची.

मग एका सकाळी मेहुणा आला. चहाचा कप हातात घेऊन बरोबर दिव्याखाली बसला. साहेब न्हाणीत शिरले आणि दिवा लागला. मेहुण्याने वर पाहिलं, बंद बटणाकडे पाहिलं आणि चहा नाकातून यायचाच बाकी राहिला.

"भाऊजी, आंघोळ करताय की दिवाबत्ती?"

"इंडिकेटर!" आतून आवाज.

"परतीची म्हणून दिव्याची वायर जोडलीत! वीज गिझरमधून दिव्याच्या पोटात शिरून परत जातेय. सगळा जोर दिवाच खातोय, पाणी काय तापणार, कपाळ? उघडू का बोर्ड?"

"हात लावशील तर याद राख! पाणी उकळतंय इथे!" साहेब थरथरत बाहेर आले. ओठ जांभळे, मान ताठ. तसेच ऑफिसला गेले.

त्यांची पाठ वळताच बहीण भावाला म्हणाली, "कर नीट. पण चकार शब्द बोलायचा नाही. यांना न्यूमोनिया झालेला परवडेल मला, पण अपमान झालेला नाही परवडणार."

"आणि पुढच्या लग्नात काय सांगू मी?" मेहुणा कळवळला. पण बहिणीच्या डोळ्यांकडे बघून मुकाट मेन बंद करून कामाला लागला. जाड वायर टाकली, न्यूट्रल वेगळी थेट मेन बोर्डापर्यंत नेली आणि दिव्याला दिव्याचं काम परत दिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गिझर लावला, दाढी उरकली आणि न्हाणीत शिरले. दिवा लागला नाही, पण त्याच्याकडे बघणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"अहो," बायको दाराशी आली, "आज बादलीत जरा गार पाणी घाला..."

"सूचना नकोत!" साहेब गरजले. "माझा गिझर मला ठाऊक आहे!" आणि रोजच्यासारखा मनाचा हिय्या करून, गरम नळाखाली भरलेला पहिला मग त्यांनी पाठीवर ओतला.

जी किंकाळी उठली, तिने आमच्या फळीवरचे डबे हलले.

"अहो! काय झालं?"

आत गार नळ भसाभसा सुरू झाला. मग साहेबांचा आवाज आला, बारीक पण ताठ.

"काही नाही! आज जरा गार आहे!"