सध्या काय वाचताय, कसं लागतंय?

अण्णा कुलकर्णी गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी वाचनालयातले आम्ही काही जण त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. सतरंजीवर माणसं खाली माना घालून बसलेली. अण्णांचा मुलगा भिंतीला टेकलेला, डोळे सुजलेले. तेवढ्यात ओव्हाळ भाऊ गुडघ्यावर हात ठेवून पुढे सरकले आणि मुलाला म्हणाले, "अण्णा शेवटाला काय वाचत व्हते वो?"

"अं?"

"पुस्तक. उशाला आसंल की. कसं लागत व्हतं त्यास्नी?"

मुलाचे काका असे भडकले, की आता भाऊंना हाताला धरून बाहेर काढतात असं मला वाटलं. पण मुलगा उठला, आत गेला आणि एक जाडजूड कादंबरी घेऊन आला. मध्ये गोळ्यांची रिकामी पट्टी खुणेला घातलेली. मग अर्धा तास तोच सांगत होता. अण्णा रोज त्या लेखकाला शिव्या घालायचे, पुस्तक आपटायचे, आणि पाच मिनिटांनी चष्मा शोधायचे. सांगता सांगता तो तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. मी निघताना ती कादंबरी हळूच पिशवीत टाकली. आमच्या वाचनालयाची होती, मुदत कधीच टळून गेली होती. हो, टाकली! माणूस गेला म्हणून पुस्तक जातं का?

मी सबनीसबाई. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत जे वाचनालय आहे ना, पायऱ्यांवर शेवाळ असलेलं, तिथली ग्रंथपाल. सव्वीस वर्षं. आणि आधीच कबूल करून टाकते, मी वाचत नाही. मिठाईच्या दुकानातला माणूस दिवसभर पेढे खात बसत नाही, तसंच.

भाऊंचं नाव शिवराम ओव्हाळ. मूळ परंदवडीचे. एका कंपनीच्या रेस्ट हाऊसवर त्यांनी तीस-बत्तीस वर्षं आचाऱ्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी ते आमच्या वाचनालयात उगवले आणि तेव्हापासून त्यांनी मला जेरीस आणलं. स्वतः एक पुस्तक नेलं असेल तर शपथ! दार उघडायच्या वेळी येणार, टोपी काढून मांडीवर ठेवणार आणि येईल त्याला विचारणार, "सध्या काय वाचताय? आन् कसं लागतंय?"

कसं वाटतंय नाही. कसं लागतंय. जन्मभर पंगतीत विचारलेला प्रश्न, तो काही केल्या तोंडातून जात नव्हता.

त्यात 'बरंय' हे उत्तर त्यांना चालायचं नाही. "बरं म्हंजी? बरं तर ताप उतरल्यावर बी वाटतं. चव सांगा." मग वाचक बिचारा अडखळत काहीतरी सांगायचा आणि भाऊ निकाल द्यायचे. सुरुवात चांगली आणि पुढे कंटाळवाणं असलं, की "फोडनी झ्याक, पर डाळच शिजली न्हाई." एका मोठ्या साहेबांच्या आत्मचरित्राला त्यांनी "नुसतं तूप, खाली भात कुटं हाय?" म्हटलं होतं, ते मलासुद्धा पटलं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "काका, यात कसली चव? मला पास व्हायचंय." भाऊ गंभीर झाले. "मंग ते औषध हाय. नाक दाबून घे बाई."

बरं, हे वाचनालयापुरतं असतं तर मी सोसलं असतं. भाऊ चिक्कीच्या दुकानासमोरच्या रांगेत विचारायचे. स्टेशनवर तळेगावला जाणाऱ्या मास्तरणींना विचारायचे. मुंबईहून पावसात भिजायला आलेल्या एका जोडप्याला त्यांनी विचारलं, तर त्यांना वाटलं हा हॉटेलचा एजंट आहे. "नको नको, आमचं बुकिंग झालंय," म्हणत ते पळाले. "काय वाचतो ते सांगायला पळायचं कशाला?" भाऊ मला विचारत होते.

मलाही ते सोडत नसत. "बाई, तुमी काय वाचताय?"

"रजिस्टर."

"कसं लागतंय?"

"कडू."

"व्हय, दिसतंय तोंडावर," म्हणून ते दुसऱ्याकडे वळायचे. मी मनात म्हणायची, रिकामटेकडा म्हातारा! पोरंबाळं नसतील, वेळ जात नसेल.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती. समोरच्यानं पुस्तकाचं नाव सांगितलं, की क्षणभर भाऊंचा चेहरा उतरायचा. दर वेळी. मग ते पुढची चौकशी करायचे. मला ते दिसायचं, पण मी त्यावर विचार केला नाही.

आता लोणावळ्यातला पावसाळा पुस्तकांचं काय करतो ते सांगायला हवं. चार महिने धुकं खिडकीतून आत येऊन बसतं. मीठ पाणी धरतं, चपला हिरव्या होतात आणि पुस्तकं फुगतात. म्हणून आमच्या प्रत्येक कपाटात एक पिवळा दिवा रात्रंदिवस जळत असतो. त्या उबेवर आमची पुस्तकं टिकलीत. फक्त मागच्या खोलीतल्या मोडक्या कपाटाला दिवा नाही, कारण त्यात मी नको असलेला माल ठेवते.

यंदा पाऊस ओसरल्यावर ते कपाट रद्दीत काढायचं ठरलं. खाली, बुरशी धरलेल्या अंकांच्या ढिगात, एक पातळ जांभळं पुस्तक सापडलं आणि मला लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वीच्या मोजणीत हे कवितांच्या फळीवर उभं होतं. दाखल नंबर नाही, शिक्का नाही. कुणी ठेवलं, कुठून आलं, पत्ता नाही. माझ्या वाचनालयात बिननंबरी पुस्तक फळीवर उभं राहत नाही. मी ते उचलून मागे टाकलं होतं. नाव वाचलंच नव्हतं. मी नंबर वाचते.

या वेळी वाचलं. सुनंदा शिवराम ओव्हाळ.

पहिल्या पानावर वेणी पुढे घेतलेल्या मुलीचा फोटो होता. खाली जन्म आणि मृत्यू. चोवीस वर्षांची. पाच-सहा पानं सुटी होती, बाकीचं पुस्तक ओलीनं चिकटून फळकूट झालेलं.

दुपारी वाचनालय बंद केलं आणि रिक्षानं वलवणला भाऊंच्या खोलीवर गेले. ते कांदा चिरत होते. मला बघून गडबडले. "बाई तुमी? बसा, बसा. च्या टाकू?" मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, पण पुस्तक घेतलं नाही.

"कुनी आनून दिलं?" त्यांनी विचारलं. आवाज असा, जणू मी कुणाचं तरी स्थळ घेऊन आले होते. "कुनी नेलं व्हतं?"

"कुणी नाही, भाऊ. नंबर नव्हता म्हणून मीच काढून ठेवलं होतं. मागच्या कपाटात."

"दोन वर्सं?"

"दोन वर्षं."

ते खाली बसले. मग जे सांगितलं ते तुटक तुटक, मध्ये कांद्याकडे बघत. सुनंदा तळेगावला नोकरी करायची. आठ दिवसांच्या तापात गेली. बायको आधीच गेलेली. पोरीच्या ट्रंकेत वही निघाली. भाऊंनी पन्नास प्रती छापल्या आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी, ती गेल्यानंतरच्या विधीला, पाहुण्यांना वाटल्या. "समद्यांनी डोक्याला लावल्या आन् घरी नेल्या. एका शब्दानं कुनी बोललं न्हाई. म्या म्हनलं, घरच्यांचं ऱ्हाऊ दे, परकी मानसं खरं सांगत्यात. रेस्ट हाऊसला बी तसंच व्हतं, जेवणाचं खरं पावणंच सांगायचं. म्हनून शेवटची प्रत तुमच्या फळीवर ठिवली. तुमाला इचारायची लाज वाटली. आठ दिसांनी बघतोय तर जागा रिकामी! काय आनंद झाला मला, बाई. म्हनलं, नेलं कुनीतरी. परत आलं न्हाई तवा वाटलं, लय आवडलं आसंल, सोडवत नसंल. मंग म्या हुडकायला लागलो. ज्याच्याकडं आसंल तो इचारल्यावर सांगंलच की."

म्हणजे दोन वर्षं हा माणूस सुतकाच्या घरात, रांगेत, स्टेशनवर, पावसात एकच वाचक शोधत होता. आणि तो वाचक नव्हताच. माझं मोडकं कपाट होतं. मला रडू आवरेना. "भाऊ, माझं चुकलं हो," मी म्हणाले. "मला मारा तरी."

"तुमचा काय दोष. म्याच नंबर घ्यायला पायजे व्हता," ते म्हणाले. त्या सौम्यपणानं मला जास्तच लागलं.

"तुम्ही तर वाचलं असेल ना?"

"न्हाई." ते पटकन म्हणाले. "वही निघाली तशी छापायला दिली. तिनं मला कदी दावली न्हाई, मंग म्या तिच्या माघारी कशी उघडू? आन् खरं सांगू का, भ्या बी वाटतं. त्यात माझं काई लिवलंय का, तेवडंच कुनीतरी वाचून सांगावं."

मी सुटी पानं वाचली होती. त्यात टेकडी होती, कंपनीची बस होती, मैत्रिणीचं लग्न होतं. बाप नव्हता. "पुढचं चिकटलंय," मी म्हणाले.

भाऊ उठले. आचाऱ्याला वाफ समजते. पातेलं गॅसवर चढवलं, पाण्याला आधण आलं तसं आच बारीक केली, आणि पुस्तक दोन्ही हातांनी वाफेवर धरलं, लहान पोराला धुरी देतात तसं. पान जरा सैल झालं की सुरीची बोथट बाजू आत सारायची, श्वास रोखायचा, उचलायचं. दोन पानं फाटली. अक्षरं सुरीला चिकटून आली, तेव्हा ते "अगं आई" म्हणाले. तासाभरात चार पानं सुटली. चौथ्या पानावर 'बाबा' हा शब्द मला दिसला.

"काय हाय?" भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी ती कविता मनात वाचली. वाटलं, सांगावं की पुसलं गेलंय, वाचता येत नाही. कोण तपासणार होतं? पण दोन वर्षांत एक धड उत्तर मी या माणसाला दिलं नव्हतं.

"तुमच्यावर आहे. वाचू?"

"थांबा." त्यांनी गॅस बंद केला, टोपी घातली आणि मांडी घालून बसले. "आमची लय गाठच पडायची न्हाई वो. पावण्यांची जेवणं आटपून म्या घरी यायचो तवा ती झोपल्याली आसायची. सकाळी उठंस्तवर म्या कामावर. हां, वाचा."

मी वाचली.

"जेवणघरात तीस माणसं जेवतात.
बाबा प्रत्येकाला विचारतात, कसं झालंय?
घरी मी एकटी भाकरी खाते,
मला कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
मीठ कमी आहे, बाबा. तुम्ही फार उशिरा येता.
झोपले नव्हते मी कधीच.
नुसते डोळे मिटून पडले होते."

मला वर बघवेना. बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते. पातेल्यातलं पाणी गार होत चाललं होतं. भाऊ बोलले, पण माझ्याशी नव्हे.

"जागी व्हती व्हय," ते म्हणाले. "आन् म्या दिवा बी लावत न्हवतो. पोरीची झोप मोडंल म्हनून अंधारातच जेवायचो."