कोंडाबाईच्या रक्तातला दोष

एका जंगलात, म्हणजे आपल्याकडे नाही हं, तिकडे लांब कुठेतरी, डुकरांची एक वसाहत होती. वसाहतीला छानपैकी कुंपण होतं. सकाळ-संध्याकाळ कोंडा फुकट. लोळायला चिखल बारमाही. हे सगळं कोणाच्या कृपेने? अर्थात वाघमहाराजांच्या. वाघाला डुकरांचा एवढा कळवळा का, असं मध्येच विचारू नका. तिथेही कोणी विचारत नव्हतं.

या वसाहतीत कोंडाबाई नावाची डुकरीण राहायची. तिची थोरली मुलं एकापाठोपाठ एक महालासाठी निवडली गेली होती. महाल टेकडीपलीकडे होता, महाराज राहायचे तिथे. तिकडे गेलेलं कोणी कधी परत आलं नव्हतं, की कोणाचा निरोप आला नव्हता. पण त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पोरं तिकडे रमली, तिकडचं राहणीमानच तसं आहे, आता इथल्या चिखलात त्यांना करमणार आहे का, असं सगळेच म्हणायचे. सणावाराला कोंडाबाईचे डोळे भरून आले की शेजारची रंगूबाई तिला दटावायची. पोरांनी नशीब काढलं आणि ही बया रडते! रंगूबाईची झाडून सगळी मुलं तिकडे होती. त्यामुळे तिचा तोरा काही औरच.

कोंडाबाईला घोर होता तो शेंडेफळाचा. सगुणा तिचं नाव. ही सगुणा काही केल्या अंगाने वाढेना. शांत मात्र भारी. डोक्यावर वीज कडाडली तरी कूस बदलून पुन्हा घोरायला लागायची.

निवड करायचे साळिंदरशास्त्री. परदेशातल्या जंगलात शिकून आलेले. आपल्याच अंगावरचा एक काटा उपटायचे, समोरच्याच्या कानाला टोचायचे, रक्ताचा थेंब चाटायचे आणि पणजोबांपर्यंतचं सगळं घडाघडा सांगायचे. वसाहतीतली पत्रिका बघायची पद्धत त्यांनी मोडून काढली. भरभर वाढणाऱ्या घराण्यातला नवरा आणि भरभर वाढणाऱ्या घराण्यातली नवरी, अशीच लग्नं लावायची. गुण रक्तातून उतरतात, म्हणायचे. आणि खरंच उतरले हो! पिल्लं बघता बघता टम्म फुगायला लागली. मग शास्त्री "वाढ उत्तम, दर्जा उत्तम" असं म्हणून एकेकाच्या गळ्यात झेंडूची माळ घालायचे. दर्जा कशाचा, हे काही ते सांगायचे नाहीत. दर्जा म्हटला की चांगलाच असणार, नाही का?

सगुणाच्या गळ्यात माळ काही पडेना. कोंडाबाईने काय काय म्हणून करावं? स्वतःच्या वाटणीचा कोंडा तिला घातला. भराभर खायची शिकवणी लावली. पण पोरगी चार घास खाऊन फुलपाखरं बघत बसायची. चारचौघींत कोंडाबाईला मान वर करायची सोय राहिली नाही.

मग एके दिवशी नियमच बदलला. महालावरून कुरकुर आली म्हणे. शास्त्रींनी वसाहत गोळा केली आणि सांगितलं की भरभर वाढणाऱ्यांत एक खोट निघाली आहे. अंगाने धिप्पाड, पण काळजाने भित्रे. जरा काही दिसलं की लटलट कापतात, आणि कापले की दर्जा जातो. हा भित्रेपणासुद्धा रक्तातूनच उतरतो. तेव्हा यापुढे सावकाश वाढणारं, अंगात चरबीचे बारीक धागे असणारं आणि मुख्य म्हणजे न घाबरणारं घराणं हवं.

लगेच परीक्षा झाली. शास्त्रींनी पत्र्याचा डबा बडवला. अर्धी वसाहत चिखलात तोंड खुपसून बसली. सगुणाने जांभई दिली.

झालं! माळ सगुणाच्या गळ्यात. कोंडाबाईला आभाळ ठेंगणं झालं. तिने घरोघर कोंड्याचे लाडू वाटले. रंगूबाईच्या घरी मुद्दाम दोन जास्त दिले.

निघायच्या दिवशी फाटकात दोन लांडगे न्यायला आले. सगुणा बाजूला फुलपाखरू बघत उभी होती. शास्त्री लाडू खात कोंडाबाईजवळ बसले आणि गप्पा मारायला लागले. तज्ज्ञ मंडळींचं एक असतं, बाळांनो. आपला विषय निघाला की समोर कोण बसलंय याचं त्यांना भान राहत नाही.

"तुमचा थोरला मला चांगला आठवतो," शास्त्री म्हणाले. "वाढ काय होती त्याची, वा! पण मांस पांढरंफटक आणि पाणचट निघालं हो. ऐनवेळी घाबरला ना. ही नाही घाबरणार. हिला महाराज मिटक्या मारत खातील."

कोंडाबाईच्या तोंडातला लाडू तोंडातच राहिला.

थोरला लहानपणी आभाळ गडगडलं की तिच्या पोटाखाली शिरायचा. तो घाबरला होता. तिकडे तो घाबरला होता आणि इकडे आपण लाडू वाटत होतो. तिचं काळीज फाटलं. पण रडायला वेळ नव्हता. तिने फाटकाकडे पाहिलं. फाटकाची कडी बाहेरून होती, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. पळणार कुठे? मग तिला शास्त्रींचंच बोलणं आठवलं.

कोंडाबाई धाडकन आडवी पडली. तिने पाय झाडले, डोळे फिरवले, दात वाजवले. सुरुवात सोंगाने झाली खरी. पण थोरला डोळ्यांपुढे आला, आणि मग सोंग करायची गरज उरली नाही.

शास्त्री दचकले. त्यांनी काटा उपटला, तिच्या कानाला टोचला, थेंब चाटला आणि तोंड वाकडं केलं.

"आईच भित्री. म्हणजे मुलीच्या रक्तात हे आहेच. आज दिसत नाही, ऐनवेळी उफाळून येईल. घराणंच बाद."

आणि सगुणाच्या गळ्यातली माळ त्यांनी स्वतःच्या हाताने काढली.

शुद्धीवर आल्यावर कोंडाबाईने सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. रंगूबाईने नाक मुरडलं. स्वतःची राहिली म्हणून आमच्या मुलांबद्दल अभद्र बोलते, म्हणाली. सगुणाने तर अबोलाच धरला.

पुढे सगुणाचं लग्न झालं. नवराही असाच, बाद घराण्यातला. घर पिल्लांनी भरून गेलं. ती दिवसभर आजीच्या पाठीवरून घसरगुंडी खेळायची. पलीकडे रंगूबाईचं अंगण चिडीचूप असायचं. कुंपणावर वाळक्या माळा तेवढ्या लटकत होत्या.

एकदा पावसाळ्यात आभाळ भरून आलं होतं. सगुणाच्या कानांवरचे केस आता पिकायला लागले होते. तिने रंगूबाईच्या माळांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"आई, त्या दिवशी तू जरा धीर धरला असतास, तर आज मी कुठे असते!"

"हो गं बाई, चुकलंच माझं," कोंडाबाई म्हणाली. तेवढ्यात आभाळ गडगडलं. सगळ्यांत धाकटं नातवंड धावत आलं, आणि तिने त्याला पोटाखाली घेतलं.

तात्पर्य : आईबापांनी आपल्या भित्रेपणापायी मुलांची प्रगती कधीही अडवू नये. अडवली, तर मुलं म्हातारी होईपर्यंत त्यांची बोलणी ऐकून घ्यावी लागतात.