आधी टेस्टर, मग मत

आमचे शेजारी देवरावजी बातमीला टेस्टर लावतात. अगदी खराखुरा, पिवळ्या मुठीचा, आत बारीक दिवा असलेला टेस्टर. आमच्या रोहणा गावातल्या पानठेल्यावर कुणी मोबाइल पुढे करून म्हणालं, "देवरावजी, हे पाहा, सरकारनं काय काढलं," की ते सदऱ्याच्या खिशातून टेस्टर काढतात, मोबाइलच्या काचेवर टेकवतात आणि दिवा लागायची वाट पाहतात. तो लागत नाही. मग मान हलवून म्हणतात, "करंट नाई ह्याच्यात. पुढं चला." त्यामुळे त्यांच्या लेखी आजवर एकही बातमी खरी निघालेली नाही.

तीस वर्षं ते लाइनमन होते. लाइन बंद आहे असं साहेबानं शपथेवर सांगितलं, तरी तार स्वतः तपासल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर खांब सुटले, धर्म सुटला नाही. "आधी टेस्टर, मग मत," असं ते म्हणतात, पण मतं मात्र त्यांच्याकडे ढिगानं.

पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांवर: "ज्याचा फेज सकाळी एक अन संध्याकाळी दुसरा, त्याच्यावर मोटर लावू नये. जळते." नव्या मीटरवर: "मीटर हुशार झालं, वाचणारा घरी बसला." ग्रुपवर श्रद्धांजली वाहणाऱ्यांवर तर त्यांचा फारच राग. "दोन गल्ल्या सोडून मयत आहे, अन हा घरी बसून हात जोडलेलं चित्र टाकून राह्यला. पाय काय गहाण ठेवले?"

मशीन माणसाचा आवाज हुबेहूब काढते, ही एकच बातमी मात्र त्यांनी टेस्टर न लावता खरी मानली. तेव्हापासून जो फोन करेल त्याला आधी प्रश्न. मी एकदा सहज फोन केला, तर म्हणाले, "गुरुजी, माह्या घरामागं झाड कोणतं?" मी कुंपणाच्या भिंतीपाशीच उभा होतो, त्यांना दिसत होतो. तरी मुकाट्यानं म्हटलं, "सीताफळ." "बरोबर. बोला."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण त्यांची प्रणाली, एकुलती एक लेक, पुण्याला असते. त्यांची बायको, आमच्या शांतावहिनी, गेल्यापासून दर रविवारी तिचा फोन यायचा. तिलाही हे प्रश्न सुरू झाले. ती आधी हसायची. पण गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात डॉक्टरकडून आल्या-आल्या तिनं फोन केला आणि यांनी विचारलं, "आपल्या गाईचं नाव काय होतं?"

"बाबा, मी काय मीटर आहे काय, दर येळेस चेक कराले?" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे तीन रविवार फोन आला नाही. आठवा लागला. "तुम्हीच करा ना," मी म्हटलं. "करीन, पन तिनं नाई उचलला त?" एवढंच म्हणाले. पानठेल्यावर एक मोठा पुढारी फुटल्याची चर्चा रंगली, तेव्हा देवरावजी फक्त "असन" म्हणाले. टेस्टरला हातसुद्धा लावला नाही. मी मुळातच भित्रा माणूस, त्या दिवशी त्यांना घरापर्यंत सोडून आलो.

बुधवारी सकाळी ते मोबाइल लांब धरून भिंतीपाशी आले. अनोळखी नंबर. स्पीकरवर बाईचं रडणं. "बाबा, मी प्रणाली. माहा फोन पान्यात पडला, हा शेजारनीचा आहे."

"अहो, तीच आहे," मी कुजबुजलो.

"आवाज तिचाच आहे, गुरुजी. म्हून त भेव वाटते." मग मोठ्यानं म्हणाले, "तुह्या आईच्या हातची कोणती भाजी तुले आवडत नव्हती?"

उत्तर आख्ख्या गल्लीला पाठ होतं. अंबाडी. या पोरीनं अंबाडीपायी किती ताटं लोटून दिली, ती आम्ही भिंतीपलीकडून ऐकली होती. पलीकडून आवाज आला, "अशी कोणतीच नव्हती, बाबा."

त्यांनी फोन कापला. "डुप्लिकेट," म्हणाले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तोच नंबर; माझा तिला पाठ होता. मी स्पीकर लावला.

"काका, बाबाले सांगा, अंबाडी. माहीत आहे मले. पन महिना झाला, मले तेच खावंसं वाटून राह्यलं. आईच्या हातचं. आता ते आवडत नव्हतं, असं कोन्या तोंडानं म्हनू मी?"

आणि ती पुन्हा रडायला लागली. देवरावजींनी भिंतीवरून हात लांब करून माझा फोन घेतला. प्रश्न विचारला, पण वेगळाच. "माय, जेवली काय तू?"

दुपारी ते अंबाडीच्या दोन जुड्या घेऊन आमच्या स्वयंपाकघरात उभे राहिले. वहिनी कण्या किती घालायच्या, लसूण किती, त्यांना काही माहीत नव्हतं. माझी बायको सांगत गेली, पण तिला हात लावू दिला नाही. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला निघायचं होतं.

भाजी झाल्यावर चमचा माझ्यापुढे धरून म्हणाले, "गुरुजी, तुमी तिच्या हातची खाल्ली आहे न? सांगा, तशी झाली काय?"

भाजी खारट झाली होती, लसूण करपला होता. डोळ्यांत पाणी नेमकं कशानं आलं, ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "अगदी तशीच."

त्यांनी स्वतः चाखून पाहिली नाही. डब्याचं झाकण घट्ट लावलं, घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि बसकडे निघाले.