सरकारजमा मिशा

"आबा, मिशा सरकारजमा होणार म्हणं, खरं का?"

हरणाने एका दमात विचारून टाकले. तशी पैजच झुबेदाने आणि वर्गातल्या पोरींनी लावली होती. त्या साऱ्या कुडाआड तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या.

पैजेला कारण होते. लढाई चालू होती आणि गावात उठले होते, की बिनलग्नाच्या पोरींना सरकार जखमींच्या सेवेला पलटणीत नेणार. हरणाचे वडील नाथाजी स्वतः पलटणीचे पेन्शनर. तरी घाबरून त्यांनी सातवीच्या फायनल परीक्षेला बसायला निघालेल्या पोरीचे लग्न ठरवले. आज दुपारी इस्लामपूरचे पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. झुबेदा म्हणाली होती, "देवी टोचत्यात तशी त्यास्नी एक बारकी अफवा टोचू. दंड सुजंल, पर मोठी देवी यायची न्हाई."

नाथाजींच्या मिशा कानाला लागलेल्या. ते हसले. "आन् सरकार मिशांचं काय करनार?"

"तोफा पुसायला बुरूस. घोड्यांचं केस संपलं म्हणं."

"खुळी का काय," म्हणत आबा चावडीकडे निघाले. वाटेत केरबा न्हाव्याला मात्र त्यांनी सहज विचारले, "मिशांचं काय ऐकलंस का रं?"

केरबाने काही ऐकले नव्हते. पण पुढच्या गिऱ्हाइकाला तो म्हणाला, "पेन्शनर इचारत हुतं. म्हंजी पलटणीतनंच खबर आली असनार."

गिऱ्हाईक होते हंबीरराव पाटील. "सरकारच्या घशात घालण्यापरास मीच काढतो," म्हणून त्यांनी मिशा उतरवल्या आणि रुमालात बांधून घरी नेल्या. त्यांचा कोरा ओठ पाहून नाथाजींचा धीर सुटला. हुकूम आल्याशिवाय पाटील असे करतील का? तेही केरबापुढे बसले. आणि जिथे पाटील अन् पेन्शनर दोघेही बोडके, तिथे बाकीच्यांनी काय धरून राहायचे?

दुपारी पाहुण्यांची बैलगाडी आली. वेशीपासून दारापर्यंत एकाही बाप्याला मिशी नाही. त्या मुलखात बाप वारल्याशिवाय कोणी मिशीला वस्तरा लावत नसे. मुलाचे वडील दादासो गाडीतूनच हळू आवाजात म्हणाले, "कोन गेलं?"

"कुनी न्हाई," नाथाजी ओठावर हात धरून म्हणाले.

"समद्या गावाचं बाप एकदम गेलं, आन् कुनी न्हाई? पटकी आली म्हना की. सुतकात सुपारी फोडत न्हाईत, पाव्हनं. बगू फुडच्या साली."

पाण्याला न शिवता गाडी वळली. दिवस मावळायच्या आत ती पटकी तोंडोतोंडी इस्लामपुरात घरोघर पोचली.

हरणाच्या आईने, चंद्राबाईंनी, कपाळाला हात लावला. "आवं, तुमास्नी सांगितलं तरी कुणी?"

"पाटलाकडं बगून..."

"पाटलास्नी?" हरणाने विचारले.

"केरबानं."

"आन् केरबाला?"

नाथाजी तुळईकडे बघू लागले. "मी."

"तुमाला मी. मला झुबेदानं. झुबेदानं सपशेल मनानं रचलं."

नाथाजींचा हात सवयीने मिशीला पीळ द्यायला गेला आणि रिकामाच खाली आला.

"आता सांगा, पोरींना पलटणीत न्हेणार, ही खबर कुणाची?"

"केरबाचीच," चंद्राबाई म्हणाल्या. कुडाआड खसखस पिकली.

हरणा पदर खोचून दोघांपुढे उभी राहिली. "आबा, आये, माझं ठरलंय. हितनं फुडं कुठली खबर आली, तर आधी मला सांगायची. आन् ह्या मिशा परत कानाला लागायच्या आत मी फायनल पास व्हणार. सुपारीचं मग बगू."