जँडल्स घालून रोमन रस्त्यावर

हे लिहिणारच नव्हतो. पण मैत्रेय ही गोष्ट सगळीकडे सांगत सुटलाय, आणि दर वेळी तिच्यात मी आणखी बावळट होतोय. म्हणून हे माझं व्हर्जन. यात मी थोडा कमी बावळट!

मैत्रेय माझा फ्लॅटमेट. इटलीत जाऊन प्राचीन रोमन रस्त्यावर दिवसभर चालायचं म्हणून रजा साठवत होता. निघायच्या आठवड्यात ऑफिसनं रजाच कॅन्सल केली! तेव्हापासून पठ्ठ्या नवे बूट घालून सोफ्यावर बसायचा. नुसता बसायचा. बघवेना.

"चल, तुला इथेच रोमन रस्ता दाखवतो," मी म्हणालो.

"ऑकलंडमध्ये?"

"अरे, मॅपवर आहे! रोमन रोड, ईस्ट टामाकी. इतिहास मी यूट्यूबवरून कोळून प्यायलोय. रोमन कुठे कुठे पोचले, तुला काय माहीत!"

बिचारा इतका दुःखी होता की त्याला पटलं.

रविवारी सकाळीच माउंट रॉस्किलच्या आमच्या फ्लॅटवरून पायी निघालो. तो बुटांत, मी जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत.

"वेदांत, स्लिपर घालून एवढं चालणार?"

"रोमन सैनिकांनी चपला घालूनच जग जिंकलं!"

दुपारपर्यंत माझ्या तळव्यांची तव्यावर विसरलेली पोळी झाली. त्यात एका जँडलचा पट्टा तुटला. बरोबर आणलेल्या धपाट्यांचं फडकं पायाला गुंडाळलं आणि लंगडत लंगडत जग जिंकत राहिलो.

शेवटी पाटी दिसली! दोन्ही बाजूंना बंद गोडाउनं, मधे काँक्रीट, त्यात खोल चाकोऱ्या.

"रथ!" मी ओरडलो. "रथांच्या खुणा!"

मैत्रेय गुडघ्यांवर बसला. भक्तिभावानं हात फिरवला. हात काळा!

"रथाला ग्रीस?"

"ग्रीस शेजारीच होतं ना रे!"

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, एक गोरी आजी बाहेर आली. "किया ओरा!" तिनं माओरीत नमस्कार केला. "हरवलात का रे पोरांनो?"

मी ऐटीत विचारलं, "हा प्राचीन रोमन रस्ता ना?"

"हो की! रोमन म्हणजे माझा सासरा. इथे त्याचा गोठा होता. शहाण्णवाव्या वर्षी गेला. प्राचीनच म्हणायचा!"

मैत्रेयकडे बघायची माझी हिंमत होईना. आणि मग आवाज आला. तो हसत होता! फुटपाथवर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कित्येक दिवसांनी!

आजींना माझ्या फडक्याची दया आली. आतून सासऱ्याचे जुने गंबूट आणून दिले. दोन साइझ मोठे.

"घाल, घाल," मैत्रेय म्हणाला. "अस्सल रोमन पादत्राणं!"

घरी बसनं आलो. दारातच त्याला शब्द दिला: पुढच्या वर्षी खऱ्या रोमन रस्त्यावर मी तुझ्याबरोबर येणार. मॅप तू धर.

गंबूट मी आणतो.